तोड कधी येणार?

दिवाळी उरकते, कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि कोडोली, काखे, सातवे, मोहरे, बोरपाडळे या पट्ट्यात एकच विचारणा सुरू होते: तोड कधी येणार? चहाच्या गाड्यावर, सोसायटीच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही दोन ऊसकरी भेटले की बोलणं तिथंच येतं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. वेळेवर तुटला तर वजन भरतं. उशीर झाला की तुरा येतो, ऊस पोकळ पडू लागतो, उतारा घसरतो. रान मोकळं होत नाही म्हणून गव्हाचा पेरा चुकतो, नाहीतर खोडव्याची मशागत मागं पडते. शेजाऱ्याचा फड आधी तुटला आणि आपला राहिला, ही गोष्ट ऊसकरी वर्षानुवर्षं विसरत नाही.

या प्रश्नाचं उत्तर कारखान्याच्या अध्यक्षाकडे नसतं, कार्यकारी संचालकाकडेही नसतं. ते गट कार्यालयात असतं. तोडीची चिठ्ठी फडावर पोहोचवणारा चिटबॉय पदांच्या उतरंडीत जवळजवळ तळाला असतो, पण शेतकऱ्याच्या लेखी त्या दिवसापुरता तोच कारखाना असतो. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली अशाच माणसांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. शिक्षक, पोलीस, सरकारी कचेरीच्या खिडकीमागचा कारकून यांचं काम त्यांनी तपासलं आणि दाखवून दिलं, की धोरण वर ठरतं असं आपण मानत असलो तरी लोकांच्या वाट्याला येतं ते या शेवटच्या माणसानं रोजच्या रेट्यात घेतलेल्या निर्णयांमधून. नेतृत्वाचा अभ्यास करणारे बहुतेक जण वरच्या खुर्चीपासून सुरुवात करतात. ऊसपट्ट्यात मात्र तो फडाच्या बांधावरून करावा, तिथं जास्त दिसतं.

फडाच्या बांधावर सगळ्यात आधी दिसतं ते हे, की माणसाला उशीर सोसतो. आपल्याला डावललं गेलं, ही शंका सोसत नाही.

मानसशास्त्रज्ञ जॉन थिबो आणि कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स वॉकर यांनी १९७० च्या दशकात न्यायनिवाड्यांवर प्रयोग केले. १९७५ साली त्यांचं पुस्तक आलं. निकाल विरुद्ध गेला तरी ज्यांना आपली बाजू नीट मांडता आली होती, ते लोक निवाड्याला बऱ्याच अंशी न्याय्य मानत होते. पाठोपाठ जेराल्ड लेव्हेंथाल यांनी १९८० साली कार्यपद्धती न्याय्य वाटण्याच्या कसोट्या मांडल्या: नियम सगळ्यांना आणि सगळ्या वेळी सारखा असावा, निर्णय घेणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसावा, माहिती खरी असावी, चूक झाली तर दुरुस्त करायला वाव असावा, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकलेलं असावं, आणि सगळं रूढ नीतीला धरून असावं. तोडणीचा कार्यक्रम या कसोट्यांवर घासून पाहिला तर ऊसकरी नेमका कशावर भडकतो ते कळतं. नोंद लागवडीच्या तारखेनुसार असेल आणि तोडही त्याच क्रमानं येत असेल, तर पंधरा दिवसांचा उशीर तो पचवतो. पण मागून नोंद झालेल्या वजनदार माणसाचा ऊस आधी निघाला, तर तीन दिवसांचा उशीरही त्याला अपमान वाटतो. टोळीला द्यावी लागणारी ‘खुशाली’ आणि वाहनवाल्याची ‘एंट्री’ यांबद्दल साखरपट्ट्यात सगळीकडे चीड आहे. त्या चिडीचं मूळही रकमेपेक्षा याच ठिकाणी जास्त आहे: नियम एक लिहिलेला, चालणारा दुसरा.

कोडोलीच्या शेजारचं वारणानगर या बाबतीत अभ्यासाला फार मोलाचं ठिकाण आहे. विश्वनाथअण्णा ऊर्फ तात्यासाहेब कोरे कोडोलीचेच. १९१४ चा जन्म, स्वातंत्र्यलढ्याच्या काळात घडलेला माणूस. १९५० च्या दशकात त्यांनी इथल्या माळावर सहकारी साखर कारखान्याची उभारणी सुरू केली. मग १९६८ साली दूध संघ आला, पुढं वारणा बाजार, शाळा-महाविद्यालयं, मुलांचा वाद्यवृंद. वारणा नदीच्या एका काठाला कोल्हापूर जिल्हा, दुसऱ्या काठाला सांगली, आणि दोन्ही काठांची गावं या एका संकुलाला बांधलेली. १९९४ साली तात्यासाहेब गेले. अशा संस्थापकाच्या गुणवर्णनावर पुस्तकं निघतात आणि ती निघावीतही. पण संशोधकाला पडणारा प्रश्न वेगळा असतो: माणूस गेल्यावर त्यानं घालून दिलेली पद्धत रोजच्या कामात कशी चालते?

योगायोगानं वारणेत या प्रश्नाला हात घालणारं काम झालंही. १९९८ साली प्रधानमंत्र्यांच्या माहिती तंत्रज्ञान कार्यदलाच्या पुढाकारातून, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू केला. गावोगावी संगणक केंद्रं उभी राहिली. कल्पना भव्य होती. शेतकरी गावातच बसून बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना, सगळं पाहील अशी. देशभरच्या वर्तमानपत्रांत वारणेचं नाव झळकलं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरू प्रयोगशाळेतले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा वारणेत आले. या संगणकांवर प्रत्यक्षात काय चालतं, ते त्यांनी पाहिलं. लोक केंद्रावर येत होते, पण जगभरची माहिती शोधायला कुणी येत नव्हतं. त्यांना हवं होतं ते त्यांच्याच उसाबद्दल: माझी नोंद झाली का, तोड कधी, माझ्या उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं. म्हणजे संगणक मुख्यतः कारखाना आणि सभासद यांच्यातला हिशेब इकडून तिकडे नेत होता. मग एवढ्यासाठी अख्खा संगणक, त्याची वीज आणि त्याची दुरुस्ती कशाला? संशोधकांनी ७ गावांत ८ महिने साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनं तेच काम करून पाहिलं. संगणकावर होत होतं ते सगळं मोबाइलवर झालं. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना ही पद्धत जास्त आवडली. हा अभ्यास २००७ साली ‘वारणा अनवायर्ड’ या नावानं मांडला गेला.

तंत्रज्ञानाच्या चर्चांत याचा उल्लेख ‘स्वस्त साधन पुरतं’ एवढ्यापुरता होतो. तो धडा खरा आहे, पण नेतृत्वाच्या दृष्टीनं त्यात याहून मोठी गोष्ट दडलेली आहे. ७० गावांतल्या माणसांसमोर जगातलं ज्ञान ठेवण्याची तयारी केली, तेव्हा त्यांनी त्यातून उचललं ते आपल्या पाळीचं आणि आपल्या मापाचं ज्ञान. जी माहिती आजवर गट कार्यालयातल्या वहीत होती आणि जी मिळवायला कुणाची तरी मर्जी लागायची, ती न विचारता, न विनवता समोर आली. नोंदीचा आकडा शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनवर दिसतो, तेव्हा शेती विभागातल्या माणसाला क्रम बदलणं अवघड होतं. आणि क्रम खरोखरच काही कारणानं बदलावा लागला, तर त्याला कारण सांगावं लागतं.

कारण सांगण्याचं मोल किती, याचा एक लक्षात राहावा असा पुरावा अमेरिकेतून मिळतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी एका कंपनीचे तीन कारखाने अभ्यासले आणि १९९० साली निष्कर्ष मांडले. मोठी कंत्राटं गेल्यामुळे दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी पगारात १५ टक्के कपात करायची होती. एका कारखान्यात कंपनीच्या अध्यक्षानं सुमारे दीड तास बैठक घेतली, आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, येतील त्या प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत निर्णय सांगून बैठक संपली. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती. नंतर ग्रीनबर्ग यांनी कारखान्यांतून चोरीला जाणाऱ्या मालाचं मोजमाप पाहिलं. कपात झालेल्या दोन्ही ठिकाणी चोऱ्या वाढल्या, पण जिथं समजावून सांगितलं होतं तिथं त्या दुसऱ्या कारखान्यापेक्षा बऱ्याच कमी होत्या. पगार दोन्हीकडे सारखाच कापला होता.

ऊसकऱ्याच्या बाबतीत हा दीड तास कुठं जातो? कायद्यानं, म्हणजे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. साखरेला उठाव नसला की अनेक ठिकाणी बिल हप्त्यांनी निघतं, रखडतं. गोदामात साखर किती पडून आहे, बँकेची उचल किती, कोणत्या महिन्यात किती पैसे हातात येतील, हे गावोगाव बसून सभासदाला सांगणारे अध्यक्ष आणि नोटीस बोर्डावर कागद लावून मोकळे होणारे अध्यक्ष, दोन्ही प्रकार सहकारात सापडतात. पहिल्या प्रकारच्या माणसाला लोक अडचणीच्या वर्षातही सांभाळून घेतात. ग्रीनबर्ग यांचा अभ्यास वाचला की त्यामागचं कारण समजतं.

सहकारी कारखान्यात मात्र एक गुंतागुंत आहे, जी ग्रीनबर्ग यांच्या कारखान्यात नव्हती. इथं शेतकरी हाच मालक. मग मालकानं मालकाला काय समजावून सांगायचं? पण सगळे मालक सारखे नसतात. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे या अर्थतज्ज्ञांनी २००१ साली महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. कारखाना सगळ्या सभासदांना उसाचा एकच दर देतो. मग मोठ्या बागायतदाराचा कारभारावर ताबा असेल तर त्याला फायदा कसा होतो? या संशोधकांचं उत्तर असं: उसाचा दर थोडा दाबला की कारखान्याकडे पैसा शिल्लक राहतो, आणि तो कुठं वापरायचा हे कारभारी ठरवतात. त्यामुळे जिथं मोठे आणि लहान सभासद अशा प्रमाणात मिसळलेले असतात की सत्ता मोठ्यांच्या हाती राहते पण ऊस मुख्यतः लहानांचा येतो, तिथं दर घसरतो. लहानांची संख्या खूप वाढून पारडं त्यांच्या बाजूला झुकलं की तो पुन्हा सुधारतो.

हा निष्कर्ष अनेक कारखान्यांच्या आकडेवारीतून निघालेला आहे, तो कुठल्या एका कारखान्यावरचा ठपका नाही. पण त्यानं सहकारातल्या नेतृत्वाचा सगळ्यात नाजूक भाग उघडा पडतो. साखरपट्ट्यातली महाविद्यालयं, दवाखाने, रस्ते उसाच्या पैशातून उभे राहिले. त्यांनी गावंच्या गावं बदलली, एका पिढीच्या मुलींना घराजवळ शिकता आलं. हे काम थोर आहे, आणि ते कमी लेखणं अन्यायाचं होईल. तरीही तो पैसा कुणाच्या टनामागून आला आणि त्याचा निर्णय कुणी घेतला, हे विचारण्याचा हक्क दोन एकरवाल्याला असायलाच हवा. विचारता येणं आणि उत्तर मिळणं, या दोन्हींची सोय नेत्यानं केली पाहिजे.

या बाबतीत प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं उदाहरण आवर्जून आठवतं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा केले आणि १९५० मध्ये कारखाना सुरू झाला, तेव्हा अध्यक्षपदावर होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. सुरुवातीची जवळजवळ दहा वर्षं ते त्या पदावर राहिले. कारखान्यात ज्याचा स्वतःचा ऊस नाही आणि आकडे वाचण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही, असा माणूस वरच्या खुर्चीत होता. लेव्हेंथाल यांची दुसरी कसोटी, निर्णय घेणाऱ्याचा स्वार्थ नसण्याची, ती मांडली जाण्याच्या तीस वर्षं आधी लोणीत पाळली गेली होती.

विचारण्याची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सभांचं चित्र वर्तमानपत्रं दरवर्षी छापतात: विषयपत्रिका वाचायला सुरुवात होते, पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, मागून कुणीतरी माईक मागतो, गोंधळ, आणि काही मिनिटांत राष्ट्रगीत. मग विरोधक बाहेर समांतर सभा घेतात. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलं होतं, की संस्थेवर नाराज असलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. ऊसकऱ्याला पहिली वाट अरुंद असते. तुटलेला ऊस दिवसादोन दिवसांत गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही जातात, आणि महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटरचं हवाई अंतर राखण्याचा नियम आहे. म्हणून दुसरी वाट बंद झाली की ती रस्त्यावर उघडते. जयसिंगपूरची ऊस परिषद आणि हंगामाच्या तोंडावरची दरआंदोलनं यांकडे नुसतं राजकारण म्हणून पाहणं अपुरं आहे. सभागृहात न ऐकलेलं म्हणणं तिथं बोललं जातं.

कारखान्याच्या आत काम करणाऱ्यांची गोष्टही याहून निराळी नाही. बॉयलरवरच्या फायरमनला, मिल हाउसमधल्या फिटरला, लॅबमधल्या केमिस्टला बिघाडाची चाहूल सगळ्यांआधी लागते. ती वर जाते की नाही, यावर हंगाम अवलंबून असतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं, की या गटांतल्या परिचारिका चूक सांगायला घाबरत नव्हत्या. इतर ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या. १९९९ साली त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांवर अभ्यास करून हा विचार पक्का केला. न घाबरता बोलता येतं अशी खात्री असलेला गट जास्त शिकतो आणि त्याचं काम सुधारतं. पुढं जेम्स डेटर्ट आणि ईथन बरिस यांनी त्यात भर घातली: माणसं गप्प बसतात ती नुसत्या भीतीनं नाही, ‘सांगून काय होणार’ या निराशेनंही. ही निराशा भीतीपेक्षा जास्त पसरलेली असते. भीतीचा इलाज गोड बोलून होतो. निराशेचा इलाज करायचा तर सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी चार तरी प्रत्यक्ष कराव्या लागतात आणि उरलेल्या सहा का झाल्या नाहीत ते परत येऊन सांगावं लागतं.

भारतीय माणसाला कडक साहेबच लागतो, असं कारखान्यांच्या कचेऱ्यांतून सर्रास ऐकू येतं. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी या समजुतीची कसून तपासणी केली. १९८० साली त्यांनी मांडलेला नेता कामाच्या बाबतीत काटेकोर असतो, पण हाताखालच्या माणसाची काळजी वाहतो, त्याला शिकवतो, आणि तो तयार होत गेला की निर्णयातला वाटा त्याच्याकडे सोपवत जातो. वडीलधाऱ्याची माया असलेले साहेब आपल्याकडे पुष्कळ आहेत. सोपवण्याच्या पायरीवर मात्र अनेक जण थांबतात.

सोपवण्याचं मोल अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ सालीच दिसलं होतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथं आले, तेव्हा स्वयंचलित मागांच्या खात्यात प्रत्येक माणसाला कामाचा एक तुकडा नेमून दिला होता आणि पूर्ण मागाची जबाबदारी कुणाचीच नव्हती. त्याऐवजी लहान गटांनी मागांचा एक संच सगळा सांभाळायचा, असं ठरलं. विणकरांनी ती कल्पना उचलली आणि गट स्वतःच जुळवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. इचलकरंजीत, जिथं मागांचा खडखडाट गल्लीगल्लीत ऐकू येतो, तिथं हा प्रयोग आणखी माहीत असायला हवा होता.

कापडधंद्यातलाच दुसरा मोठा प्रयोग मुंबईजवळ झाला. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगाव भागातल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ गिरण्या निवडल्या. त्यातल्या काहींना पाच महिने सल्लागारांची मदत दिली: सुताच्या साठ्याची नोंद, मागांची नियमित देखभाल, दोषांची रोज बैठक, कामगारांना ठरलेल्या निकषांवर बक्षीस. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक बाब पुढं आली. कंपनी किती मोठी होणार, हे बऱ्याच अंशी मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती कारभार द्यायला मालक तयार नव्हते. भाऊ आणि मुलगे संपले की वाढही थांबायची.

काही वर्षांनी हेच संशोधक त्या गिरण्यांत परत गेले. सुधारित पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या, तरी मदत न मिळालेल्या गिरण्यांपेक्षा या गिरण्या अजून बऱ्याच पुढं होत्या. पद्धती सुटण्याची मुख्य कारणं दोन निघाली: व्यवस्थापक बदलला होता, किंवा संचालकाला गिरणीकडे लक्ष द्यायला वेळ उरला नव्हता. ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्याचा शेती अधिकारी हे वाचून मान हलवील. शेती अधिकारी बदलला, की नोंदीचा क्रम पाळण्याची सवय नव्या माणसाबरोबर पुन्हा पहिल्यापासून घालावी लागते. वारणेच्या खोऱ्यात आता हाताहातात फोन आहे, संध्याकाळी दूध घातल्यावर लिटर, फॅट आणि दर छापलेली पावतीही मिळते. तोडणीचा गावनिहाय क्रम त्याच सहजतेनं, सगळ्यांना दिसेल असा, हंगाम सुरू होण्याआधी लावता येईल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. लागते ती अध्यक्षाची सही, आणि दर आठवड्याला तो क्रम स्वतः तपासण्यासाठी त्याचा एक तास.